कोणती जागा रिकामी आहे?

१९ डिसेंबर २०२३ रोजी दुबईत आयपीएलचा लिलाव झाला. त्यात यवतमाळच्या शुभम दुबेचं नाव २० लाख रुपयांच्या मूळ किमतीवर पुकारलं गेलं. बोली चढत गेली आणि राजस्थान रॉयल्सने त्याला ५ कोटी ८० लाखांना घेतलं. तोवर तो भारताकडून खेळलेला नव्हता. विदर्भाबाहेर त्याचं नाव फार थोड्यांना माहीत होतं.

आता अकोल्याच्या अथर्व तायडेकडे पाहा. डावखुरा सलामीवीर. १९ वर्षांखालील मुलांच्या कूचबिहार करंडकाच्या २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात त्याने मध्य प्रदेशाविरुद्ध ३२० धावा केल्या आणि विदर्भाने करंडक जिंकला. पुढे रणजी संघातही त्याने स्थान मिळवलं. तरी २०२२ मध्ये पंजाब किंग्जने त्याला २० लाखांना घेतलं आणि २०२४ च्या मोठ्या लिलावात सनरायझर्स हैदराबादने ३० लाखांना. दोन्ही वेळा मूळ किंमतच.

आपल्या धामणगाव रेल्वेच्या एका अंगाला यवतमाळ, दुसऱ्या अंगाला अमरावती, आणि याच लोहमार्गावर बडनेरा, मूर्तिजापूर ओलांडलं की अकोला. या टापूतल्या दोन फलंदाजांच्या किमतीत एवढा फरक का? शुभम कितीतरी पटीने चांगला फलंदाज आहे, असं कोणताही जाणकार म्हणणार नाही. दोघांची कामं वेगळी आहेत, आणि बाजारात त्या दोन कामांची टंचाई सारखी नाही, एवढंच त्याचं उत्तर. अनोळखी खेळाडू हुडकणाऱ्या माणसाला, म्हणजे स्काउटला, हे पहिल्यांदा शिकावं लागतं. ‘सगळ्यात चांगला कोण’ हा त्याचा दुसरा प्रश्न असतो. पहिला प्रश्न असतो, ‘आपल्या संघात कोणती जागा रिकामी आहे?’

जागेचा हिशेब

खेळाडूंची अशी निवड अमेरिकेत फार जुनी आहे. तिथल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये दरवर्षी ‘ड्राफ्ट’ होतो. बोली लागत नाही. संघ पाळीपाळीने नव्या खेळाडूंची नावं घेतात, आणि मागच्या हंगामात जे दुबळे ठरले त्यांना आधी पाळी मिळण्याची शक्यता जास्त असते. मैदानावर पाच खेळाडू आणि पाच जागा: चेंडू आणून डाव रचणारा पॉइंट गार्ड, लांबून बास्केट साधणारा शूटिंग गार्ड, दोन प्रकारचे फॉरवर्ड आणि बास्केटखाली उभा राहणारा उंचापुरा सेंटर. प्रत्येक जागेसाठी वेगळं शरीर लागतं आणि वेगळी नजर लागते. २०१५ मध्ये पंजाबच्या सतनाम सिंगला डॅलस मॅव्हरिक्सने ५२ व्या पाळीत निवडलं. एनबीए ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय, आणि तो सेंटर होता. सात फुटांच्या आसपासची उंची कमावता येत नाही, म्हणूनच बल्लो के नावाच्या खेड्यातला मुलगा तिथवर दिसला.

आपल्याकडे अशी जागावार निवड सर्वांत उघडपणे दिसते ती आयपीएलमध्ये. लिलावाची यादीच जागांप्रमाणे केलेली असते. फलंदाज, अष्टपैलू, यष्टिरक्षक, वेगवान गोलंदाज आणि फिरकीपटू असे गट पाडून नावं पुकारली जातात. भारताकडून न खेळलेल्या, म्हणजे अनकॅप्ड खेळाडूंचे हेच गट पुन्हा वेगळे असतात. दहा संघ, प्रत्येकात जास्तीत जास्त २५ खेळाडू, त्यांपैकी परदेशी आठ. म्हणजे सगळे संघ पूर्ण भरले तर भारतीयांसाठी निदान १७० जागा उरतात. मैदानावर एका वेळी चारच परदेशी उतरवता येतात, त्यामुळे अकरांत निदान सात भारतीय हवेतच. नामवंत भारतीय खेळाडू सगळ्यांना पुरत नाहीत. उरलेल्या जागा भरण्यासाठी संघांची माणसं अकोला, यवतमाळ, मलप्पुरम, भरतपूर अशा गावांतली मुलं शोधत फिरतात.

सलामीवीरांची गर्दी, फिनिशरचा दुष्काळ

रणजी करंडकात ३८ संघ खेळतात. प्रत्येकाचे दोन सलामीवीर धरले तरी ७६ होतात. आयपीएलच्या दहा संघांत सलामीच्या जागा वीस, त्यांतल्या काही परदेशी फलंदाजांकडे आणि काही भारतीय संघातल्या मोठ्या नावांकडे. शिवाय शाळेपासून एक चाल पडलेली आहे की, ज्याची बॅट चांगली चालते त्याला वरच्या क्रमांकावर पाठवायचं. त्यामुळे देशभरातले उत्तम फलंदाज पहिल्या तीन क्रमांकांवर दाटीवाटीने उभे असतात. नव्या सलामीवीराला नुसतं चांगलं असून भागत नाही. पहिल्या सहा षटकांत तीस यार्डांच्या वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक असतात. त्या काळात तो नव्या चेंडूवर किती जोखीम घेतो आणि १४५ किलोमीटर वेगाच्या आखूड चेंडूवर पुलचा फटका मारतो की पाठ वळवतो, हे पाहिलं जातं. अथर्वचं डावखुरेपण त्याच्या बाजूने आहे, कारण डावा-उजवा जोडीमुळे गोलंदाजाला टप्पा सतत बदलावा लागतो. पण स्पर्धा दाट असेल तर भाव चढत नाही.

फिनिशरचं उलट आहे. पाचव्या ते सातव्या क्रमांकावर येऊन शेवटच्या पाच षटकांत सामना संपवणारा फलंदाज राज्याच्या संघांत सहसा तयारच होत नाही. चांगले फलंदाज वर खेळतात आणि खाली येणाऱ्याला चेंडू मिळत नाहीत. शेवटच्या पाच षटकांत चेंडू तीस, ते दोघांत वाटले तर एकाच्या वाट्याला पंधरा. अशा फलंदाजाला सरासरीच्या फूटपट्टीने मोजलं तर हमखास चूक होते. आठ चेंडूंत २० धावा काढून बाद झालेला मुलगा धावफलकावर अपयशी दिसतो, पण त्याने आपलं काम केलेलं असतं. म्हणून इथे पहिल्या दहा चेंडूंतला स्ट्राइक रेट पाहतात. आल्या आल्या मारता येतं की स्थिरावायला बारा चेंडू लागतात? यॉर्कर खोदून सीमापार नेता येतो का? फिरकीला सरळ रेषेत षटकार मारता येतो का?

शुभम दुबेने २०२३ च्या सय्यद मुश्ताक अली या देशांतर्गत टी-२० स्पर्धेत याच प्रश्नांना उत्तर दिलं. बंगालविरुद्ध २१३ धावांचा पाठलाग करताना त्याने २० चेंडूंत नाबाद ५८ धावा काढल्या. सात डावांत २२१ धावा हा आकडा मोठा वाटत नाही, पण त्या १८७ च्या स्ट्राइक रेटने आल्या होत्या आणि तो डावखुरा होता. ज्यांना डावखुरा भारतीय फिनिशर हवा होता त्यांच्यापुढे पर्याय फार थोडे होते. ५ कोटी ८० लाख ही त्या टंचाईची किंमत. अर्थात पैसे मिळाले म्हणजे मैदानावर जागा मिळाली असं होत नाही. राजस्थानकडे शिमरॉन हेटमायरसारखे फलंदाज त्याच क्रमांकांवर होते आणि शुभमच्या वाट्याला मोजकेच सामने आले.

महिलांच्या क्रिकेटमध्येही हीच टंचाई आहे. अमरावतीची भारती फुलमाळी २०१९ मध्ये इंग्लंडविरुद्ध भारताकडून दोन टी-२० सामने खेळली आणि नंतर संघाबाहेर गेली. १० मार्च २०२५ रोजी महिला प्रीमियर लीगमध्ये (डब्ल्यूपीएल) गुजरात जायंट्सकडून खालच्या क्रमांकावर येऊन तिने मुंबई इंडियन्सविरुद्ध २५ चेंडूंत ६१ धावा फटकावल्या. गुजरात तो सामना हरला. पण हरलेल्या सामन्यातली खेळीही स्काउटच्या वहीत पहिल्या पानावर जाते, कारण तो निकाल मोजत नसतो, काम पाहत असतो.

यष्टीमागची जागा

यष्टिरक्षक एकाच जागेत दोन कामं करतो. त्याची बॅट चालत असेल तर संघाला एक जादा गोलंदाज किंवा फलंदाज खेळवता येतो. भारतात फलंदाजी करणारे यष्टिरक्षक कमी नाहीत, पण त्यांतले पुष्कळ जण सलामीला खेळतात. खाली येऊन सामना संपवणारा यष्टिरक्षक मात्र दुर्मीळ.

अमरावतीच्या जितेश शर्माची कारकीर्द या एका वाक्याभोवती फिरते. विदर्भासाठी तो सलामीला येत असे. २०१५-१६ च्या मुश्ताक अली स्पर्धेत त्याने खोऱ्याने धावा काढल्या आणि २०१६ मध्ये मुंबई इंडियन्सने त्याला १० लाखांना घेतलं. पार्थिव पटेल आणि जोस बटलर हे दोन यष्टिरक्षक-फलंदाज तिथे आधीच होते. जितेशला एकही सामना मिळाला नाही. पुढे विदर्भासाठी त्याचा फलंदाजीचा क्रमांक खाली आला. २०२१-२२ च्या मुश्ताक अली स्पर्धेत त्याने २१४ धावा केल्या, त्याही २३५ च्या स्ट्राइक रेटने. म्हणजे सगळे मिळून चेंडू खेळला सुमारे नव्वद, पण ते चेंडू डावाच्या कठीण टोकाचे होते. पंजाबने त्याला २० लाखांना घेतलं, ३ एप्रिल २०२२ रोजी त्याचं आयपीएल पदार्पण झालं आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत तो भारताकडून खेळला. नोव्हेंबर २०२४ मध्ये रॉयल चॅलेंजर्स बंगळुरूने त्याला ११ कोटींना घेतलं. २७ मे २०२५ रोजी लखनौविरुद्ध २२८ धावांचा पाठलाग करताना त्याने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा केल्या. ३ जूनच्या अंतिम सामन्यातल्या त्याच्या १० चेंडूंत २४ धावाही तितक्याच मोलाच्या, कारण बंगळुरूने तो सामना आणि पहिलं विजेतेपद अवघ्या सहा धावांनी जिंकलं.

माणूस तोच, हातही तेच. काम बदललं आणि १० लाखांचे ११ कोटी झाले.

गोलंदाज कुठल्या षटकांचा?

वेगवान गोलंदाज पाहताना वेग सगळ्यांनाच दिसतो. जाणकार विचारतो, हा कोणत्या षटकांचा आहे? पॉवरप्लेमध्ये चेंडू स्विंग करणारा वेगळा, मधल्या षटकांत आखूड टप्प्यावर विकेट काढणारा वेगळा आणि शेवटी यॉर्कर व स्लोअर बॉल टाकणारा वेगळा. शेवटच्या षटकांत दहाच्या दराने धावा देणारा गोलंदाज चांगला असू शकतो. सुरुवातीला तोच दर महागात पडतो.

दर्शन नळकांडे जन्माने वर्ध्याचा, क्रिकेट अकोल्यातलं. पंजाबने २०१९ च्या हंगामासाठी त्याला ३० लाखांना घेतलं आणि तीन हंगाम तो न खेळता बसून राहिला. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुश्ताक अली स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकविरुद्ध शेवटच्या षटकात त्याने लागोपाठ चार चेंडूंवर चार बळी घेतले. पुढच्या लिलावात गुजरात टायटन्सने त्याला घेतलं. ८ एप्रिल २०२२ रोजी पंजाबविरुद्धच त्याचं आयपीएल पदार्पण झालं आणि त्याने लागोपाठच्या दोन चेंडूंवर बळी घेतले. त्यांतला पहिला होता अमरावतीचा जितेश शर्मा. वऱ्हाडातली ही दोन मुलं मुंबईच्या ब्रेबॉर्न मैदानावर आमनेसामने आली होती.

फिरकीत टंचाईचं गणित अधिक स्पष्ट दिसतं. डावखुरे बोटांचे फिरकीपटू देशात पुष्कळ आहेत. विदर्भाच्या हर्ष दुबेने २०२४-२५ च्या रणजी हंगामात ६९ बळी घेऊन एका हंगामातला विक्रम केला, तरी आयपीएलमध्ये तो गेला तो जायबंदी खेळाडूच्या जागी, बदली म्हणून. उलट केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातला विघ्नेश पुथूर केरळच्या वरिष्ठ संघाकडूनही खेळला नव्हता, पण तो डाव्या मनगटाने चेंडू वळवतो. असे गोलंदाज जगातच मोजके. मुंबई इंडियन्सने त्याला ३० लाखांना घेतलं आणि मार्च २०२५ मध्ये पहिल्याच सामन्यात त्याने चेन्नईचे तीन बळी घेतले.

अष्टपैलूच्या बाबतीत जागा कशी मोकळी होते तेही पाहण्यासारखं आहे. रवींद्र जडेजा चेन्नई सोडून राजस्थानकडे गेला. डिसेंबर २०२५ च्या लिलावात चेन्नईने उत्तर प्रदेशच्या प्रशांत वीरला १४ कोटी २० लाखांना घेतलं. मूळ किंमत ३० लाख. प्रशांत डावखुरा फलंदाज आणि डावखुरा फिरकीपटू. त्या बोलीत त्याच्या गुणांची किंमत होतीच, पण जडेजाने रिकाम्या केलेल्या जागेचीही होती.

पाहणारा काय पाहतो

आपल्या बाजार समितीत कापूस घेणारा जाणकार बोंड हातात घेऊन धाग्याची लांबी पाहतो, कारण गिरणीला कोणतं सूत काढायचं आहे हे त्याला ठाऊक असतं. स्काउटचं कौशल्यही असंच. आधी मागणी मनात पक्की असते, मग नजर.

त्यानंतर येते पडताळणी. मुश्ताक अली स्पर्धेतल्या सात-आठ सामन्यांवर भरवसा ठेवणं धोक्याचं असतं, म्हणून धावा कोणाविरुद्ध झाल्या, खेळपट्टी कशी होती, सीमारेषा किती जवळ होती, सामना कुठल्या वळणावर होता हे तपासलं जातं. चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहतात, ट्रायलला बोलावतात, सरावात वेगवान गोलंदाजांपुढे उभं करतात. आणि कधी कधी एखादी वेगळी गोष्ट नजरेत भरते. २०१३ मध्ये मुंबई इंडियन्सचे प्रशिक्षक जॉन राइट मुश्ताक अली स्पर्धेचा एक सामना पाहायला गेले. गुजरातचा एक पोरगा आखूड धाव घेऊन, ताठ हाताने, विचित्र शैलीत यॉर्कर टाकत होता. पुस्तकात न बसणारी शैली फलंदाजाला अडचणीची ठरेल हे राइट यांनी ओळखलं. तो पोरगा म्हणजे जसप्रीत बुमरा.

जागा पाहण्यातला धोका

पण जागेवर फार भर दिला तर मोठी चूकही होते. १९८४ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये पोर्टलँड संघाची दुसरी पाळी होती. शूटिंग गार्डच्या जागेसाठी त्यांच्याकडे क्लाइड ड्रेक्सलर होता आणि सेंटर हवा होता, म्हणून त्यांनी सॅम बोवीला घेतलं. तिसऱ्या पाळीत शिकागोने मायकेल जॉर्डनला घेतलं. २००८ मध्ये आयपीएलच्या पहिल्या हंगामाआधी १९ वर्षांखालील खेळाडूंचा ड्राफ्ट झाला तेव्हा दिल्लीकडे फलंदाज भरपूर होते, म्हणून त्यांनी डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवानला निवडलं. दिल्लीचाच विराट कोहली बंगळुरूला गेला.

दोन्ही संघांचा हिशेब त्या दिवसापुरता बरोबर होता. पण संघातली गरज एका हंगामात बदलते, आणि अस्सल गुण पंधरा-वीस वर्षं टिकतो. म्हणून नियम असा ठेवावा लागतो: चांगल्या खेळाडूंत उन्नीस-बीसचा फरक असेल तर जागा पाहा, एखादा फारच वरचा असेल तर जागेचा विचार नंतर करा.

शिवाय जागा खेळाडूच्या कपाळावर लिहिलेली नसते. यश ठाकूर लहानपणी यष्टिरक्षक होता. विदर्भाचे प्रशिक्षक प्रवीण हिंगणीकर यांनी त्याला सरावात चेंडू टाकताना पाहिलं आणि गोलंदाजी करायला लावली. एप्रिल २०२४ मध्ये त्याच यशने लखनौकडून गुजरातचे ३० धावांत पाच बळी घेतले. नागपूरजवळच्या वलनीच्या कोळसा खाणीच्या वसाहतीतला उमेश यादव वयाच्या विशीपर्यंत टेनिस बॉलवर खेळत होता. सीझन बॉल हातात आल्यावर थोड्याच काळात तो विदर्भाकडून रणजी खेळला आणि पुढे भारताकडून कसोटी. जितेशचा क्रमांक खाली गेला नसता तर गर्दीतल्या सलामीवीर-यष्टिरक्षकांमध्ये तो कदाचित हरवून गेला असता. असा बदल लिलावाच्या टेबलावर होत नाही, तो गावच्या मैदानावर, सरावाच्या नेटमध्ये होतो.

आपल्या मैदानांसाठी

विदर्भ क्रिकेट संघटनेकडे अकरा जिल्हे आहेत. जिल्ह्याच्या संघातून विदर्भाच्या १६ वर्षांखालील संघात, तिथून कूचबिहार, मग २३ वर्षांखालील सी. के. नायुडू करंडक आणि शेवटी वरिष्ठ संघ अशी ही चढण आहे. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीन वेळा रणजी करंडक जिंकला. जून २०२५ मध्ये नागपुरात विदर्भ प्रो टी-२० लीग सुरू झाली. पाहणारे डोळे आता आपल्या दारापर्यंत आलेले आहेत. त्यांना काय दिसेल हे आपल्या हातात आहे.

म्हणून धामणगाव, चांदूर, तिवसा, मूर्तिजापूर इथल्या शिक्षकांना आणि प्रशिक्षकांना कळकळीने सांगावंसं वाटतं की, प्रत्येक चांगल्या पोराला सलामीला पाठवू नका. सरावात त्याला ‘१८ चेंडू, ३० धावा’ असं लक्ष्य द्या आणि पाहा. स्कोअरबुकात नुसत्या धावा लिहू नका. कितव्या षटकात आला, पहिल्या दहा चेंडूंत किती काढल्या, कोणत्या षटकात गोलंदाजी केली आणि यॉर्कर किती बरोबर पडले, तेही लिहा. डाव्या हाताने मनगटातून चेंडू वळवणारा एखादा पोरगा असेल तर त्याच्या चेंडूला आधी मार पडतो म्हणून त्याला बोटांची फिरकी शिकवू नका. टेनिस बॉलवर रात्रीचे सामने खेळणाऱ्या मुलांना हिणवू नका, कारण शेवटच्या षटकातला यॉर्कर आणि आल्या आल्या मारलेला षटकार त्या सामन्यांत रोज घडतो.

मुलांच्या आईवडिलांनीही हे लक्षात घ्यावं. दीडशेहून थोड्याच अधिक जागांसाठी अख्खा देश रांगेत आहे. तीन हंगाम न खेळता बसलेला नळकांडे आणि पहिल्या लिलावानंतर सहा वर्षं वाट पाहिलेला जितेश हे त्या रांगेतले नशीबवान. त्यामुळे शाळा आणि कॉलेज सोडून चालणार नाही. पण ज्याला या रांगेत उभं राहायचंच आहे, त्याने स्वतःला वेळेवर एक प्रश्न विचारावा: संघात असं कोणतं काम आहे, जे माझ्याइतकं चांगलं करणारे थोडेच आहेत? यवतमाळ, अमरावती आणि अकोल्याच्या मुलांनी त्या प्रश्नाचं उत्तर वेगवेगळ्या जागांवर उभं राहून दिलं आहे. धामणगावच्या मुलालाही ते देता येईल, फक्त त्याची जागा कोणती हे ओळखणारा एक माणूस गावातच हवा.